दिली, सर

जावई म्हणजे दहावा ग्रह, असं जुनी माणसं म्हणतात. बाकीचे नऊ निदान आपापल्या घरात बसून पीडा देतात, हा सासुरवाडीला येऊन देतो. पण जीवनच्या बाबतीत ही म्हण कुणी कडूबाईसमोर काढली असती, तर तिनं त्याची जीभ हासडून हातात दिली असती. चुडाव्याच्या त्या विधवा बाईला एक लेक, एक ल्योक आणि हा एकच जावई. आणि जावई कसा, तर परभणीच्या दवाखान्यात, पोटात दुर्बीण घालतात त्या खोलीत, मोठ्या डॉक्टरच्या खांद्याला खांदा लावून उभा राहणारा. गावात कुणाचं नुसतं पोट गुडगुडलं तरी ती सांगायची, आमच्या पाहुण्याला फोन लावा. पाहुण्याला फोन लागायचा, पाहुणा ओव्याचं पाणी प्या म्हणायचा, आणि कडूबाई आठवडाभर ताठ मानेनं फिरायची.

समोर मात्र ती कधी धड उभी राहिली नाही. जावई दारात दिसला की पदर कपाळाच्या खाली यायचा. तो खाटेवर असला तर ही जमिनीवर, तो जमिनीवर बसला तर ही चुलीच्या आड. त्याचं नाव तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. जे काही बोलायचं ते दाराच्या चौकटीकडं बघून, ‘जावईबापू’ म्हणून. मागच्या धोंड्याच्या महिन्यात तिनं पितळी परातीत त्याचे पाय धुतले होते, लेक-जावयाला लक्ष्मी-नारायण मानून ओवाळलं होतं, पुरणाचे धोंडे वाढले होते. पाय धुतानाही तिची नजर परातीच्या पलीकडं गेली नव्हती. जीवनला त्या सगळ्याचं हसू यायचं आणि आतून बरंही वाटायचं. पिंगळीच्या आपल्या घरात त्याला कुणी एवढं विचारत नव्हतं.

दवाखान्यातलं त्याचं काम असं. पित्ताच्या पिशवीतला खडा कधी कधी घसरून पित्ताच्या नळीत अडकतो. माणूस हळदीसारखा पिवळा पडतो, ताप भरतो. मग घशातून लांब दुर्बीण घालायची, नळीचं तोंड शोधायचं, त्यात तार घालायची, तोंड थोडं कापून खडा बाहेर ओढायचा. पोट फाडायचं काम नाही. पण त्या नळीच्या शेजारीच, एकाच तोंडाला येऊन मिळणारी, स्वादुपिंडाची नळी असते. ह्या खटपटीत ती दुखावली, की शंभरातल्या पाच-दहा जणांच्या स्वादुपिंडाला सूज येते. बहुतेकांची चार दिवसांत उतरते. एखाद्याची उतरत नाही, आणि न उतरलेली सूज माणसाला आतून शिजवते.

त्यावर उपाय म्हणून एक साधी गोळी आहे. मेणाची, बोटाच्या पेराएवढी, फ्रिजमध्ये ठेवायची. तोंडानं घ्यायची नाही, गुदद्वारातून सरकवून द्यायची. आत गेली की अंगाच्या उबेनं वितळते आणि सुजेचा धोका जवळजवळ निम्म्यावर आणते. दवाखान्यात तिला सगळे सपोझिटरी म्हणत. पुरुषांना ती जीवन द्यायचा, बायकांना सत्यशीला सिस्टर. डॉ. शिवप्रसाद हातमोजे चढवून दुर्बीण उचलायचे आणि मान न वळवता विचारायचे, “सपोझिटरी?” जीवन म्हणायचा, “दिली, सर.” मग काम सुरू. देवळात घंटा वाजवल्याशिवाय कुणी आत पाय टाकत नाही, तशी ती त्या खोलीची रीतच होऊन बसली होती.

पौषात कडूबाई पिवळी पडली. परमेश्वर, तिचा ल्योक, बायको ज्ञानेश्वरीला घेऊन दिवाळीनंतरच सांगलीकडं ऊसतोडीला गेला होता. घरात म्हातारी एकटी. शेजारच्या कस्तुराबाईनं जीवनला फोन केला, की तुझ्या सासूचे डोळे पाहून भ्या वाटायलंय, बाबा. कुणी म्हणालं अमुक गावाला कावीळ उतरवून देतात, चुन्याचं पाणी हाताला लावतात. जीवननं कुणाचं ऐकलं नाही. मिळेल त्या गाडीनं चुडाव्याला गेला आणि सासूला सरळ परभणीला घेऊन आला. गाडीत ती जावयाशेजारी बाकड्यावर बसायला तयार होईना. ताप अंगात असताना दाराजवळ खाली बसून आली. लोक बघत होते. जीवन लाजला, पण मनातून त्याला तिचा अभिमानही वाटला. कशाचा, ते त्याला सांगता आलं नसतं.

सोनोग्राफी झाली. खडा नळीतच होता. शिवप्रसाद सर म्हणाले, उद्या सकाळी काढून टाकू. जीवननं बायकोला, राजेश्रीला, हसत सांगितलं, उद्या खडा, परवा डिस्चार्ज, तेरवा तुझी माय पुन्हा गावात माझी टिमकी वाजवायला मोकळी. राजेश्री कितीतरी दिवसांनी मोकळं हसली.

सकाळी सगळं ठरल्याप्रमाणं चाललं होतं. कडूबाईला दवाखान्याचा हिरवा गाऊन घातला होता. त्याला पदर नाही, म्हणून जावई आत आला की ती अंगावरची चादर डोक्यावर ओढून घ्यायची. राजेश्रीला खालच्या मेडिकलवरून काही सामान आणायला पाठवलं होतं. सत्यशीला सिस्टर तयारीच्या खोलीत यायची, एवढ्यात वरच्या वॉर्डातला एक पेशंट कोसळला आणि ती धावत जिना चढून गेली. इकडं भूल देणारे डॉक्टर घड्याळाकडं बघत होते. त्यांना पुढं दुसऱ्या दवाखान्यात जायचं होतं. आतून सरांचा आवाज आला, चला, घ्या आत.

जीवननं फ्रिजमधून गोळी काढली, हातमोजा चढवला आणि खाटेजवळ गेला. त्यानं हलक्या आवाजात सांगितलं, की आई, एक गोळी ठेवायची असते, खालून, एका मिनिटाचं काम आहे, कुशीवर व्हा. चादरीतून दोन हात बाहेर आले, पिवळे, सुरकुतलेले, जोडलेले.

“जावईबापू,” चादरीतून आवाज आला, “मी तुमचे पाय धुतलेत. तुमच्या हातानं हे न्हाई. जीव गेला तरी चालंल.”

त्यानं समजावलं. म्हणाला, इथं मी जावई नाही, ब्रदर आहे, रोजचं काम आहे माझं. तिनं नाही म्हणून मान हलवली. सिस्टर येईपर्यंत थांबू म्हणाला, तर तेवढ्यात आतून पुन्हा हाक आली. खरं बोलायचं तर तिच्या नकारानं त्याला सुटल्यासारखं झालं. त्याचा हातमोजा चढवलेला हात तिच्याच जोडलेल्या हातांनी सोडवला होता. धर्म राहिला, लाजही राहिली. राहिली फक्त गोळी. ती त्यानं वेष्टणासकट पँटच्या खिशात टाकली आणि स्ट्रेचर आत ढकललं.

भूल चढली. सरांनी दुर्बीण उचलली आणि मान न वळवता विचारलं, “सपोझिटरी?”

इथं त्याला एवढंच म्हणायचं होतं, की नाही सर, सिस्टर वर गेली आहे. सर वैतागले असते, दोन शब्द सुनावले असते, भूलवाल्या डॉक्टरांनी सुस्कारा टाकला असता. सगळं मिळून पाच मिनिटांचा तमाशा. पण मग पुढचा प्रश्न आला असता, तू का नाही दिलीस? आणि भर खोलीत सांगावं लागलं असतं, की ही माझी सासू आहे आणि तिनं हात जोडले. इतक्या वर्षांची सवय जिभेवर बसलेलीच होती. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

“दिली, सर.”

काम सोपं गेलं नाही. नळीचं तोंड बारीक होतं. सरांची तार दोनदा वाट चुकून स्वादुपिंडाच्या नळीत शिरली. प्रत्येक वेळी ते पुटपुटले, पुन्हा मागं आले, पुन्हा प्रयत्न केला. शेवटी नळी सापडली, खडा निघाला. हरभऱ्याच्या डाळीएवढा, काळपट. सरांनी कपाळावरचा घाम बाहीनं पुसला आणि म्हणाले, “दोनदा गेली रे तार तिकडं. बरं झालं सपोझिटरी दिलेली आहे.”

जीवननं मान डोलावली.

ह्याच वेळी दार उघडून सत्यशीला सिस्टर आत आली, धापा टाकत. वरचा पेशंट सावरला होता. तिनं विचारलं, की माझं काही राहिलं का? आता हे नीट ध्यानात घ्या, कारण पुढं सगळं इथंच अडकतं. ती गोळी आधीच द्यायला पाहिजे असं नाही. काम झाल्या झाल्या दिली तरी चालते. जीवनला हे ठाऊक होतं. एकदा एका पेशंटची अशी राहिली होती आणि सरांनी नंतर द्यायला लावली होती. कडूबाई अजून गुंगीत होती. सिस्टर बाई माणूस. लाजेचा प्रश्नच उरला नव्हता. गोळी जीवनच्या खिशात होती आणि मांडीच्या उबेनं मऊ व्हायला लागली होती. फ्रिजमध्ये दुसऱ्या होत्याच. त्यानं फक्त तोंड उघडायचं होतं. पण तोंड उघडलं असतं तर मघाचं ‘दिली’ खोटं ठरलं असतं, आणि सर अजून तिथंच हातमोजे काढत उभे होते.

“न्हाई,” जीवन म्हणाला, “काही राहिलं न्हाई.”

संध्याकाळी कडूबाईच्या पोटात कळ उठली. वरच्या पोटातून निघून थेट पाठीला भिडणारी. तिनं आधी कुणाला सांगितलंच नाही, दात दाबून पडून राहिली. मग उलट्या सुरू झाल्या. राजेश्री धावत जीवनला बोलवायला आली, तेव्हा तो कपडे बदलत होता. खिशात हात गेला आणि फुटलेल्या वेष्टणातला लगदा बोटांना लागला. त्यानं तो दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या बादलीत टाकला आणि हात धुतले. पुष्कळ वेळ धुतले.

रक्ताचा रिपोर्ट यायच्या आधीच त्याला काय आहे ते कळलं होतं. सरांचा चेहरा रिपोर्ट पाहून उतरला. सलाईनचा जोर वाढवला, तोंडानं काही द्यायचं बंद केलं, म्हणाले, बघू, उतरेल. उतरली नाही. पोट फुगत गेलं, लघवी कमी होत गेली, धाप लागायला लागली. मग तिला नांदेडला हलवलं.

नांदेडच्या त्या दवाखान्यात पहिले काही दिवस ती शुद्धीवर होती. जीवन रजा टाकून तिथंच होता. काचेच्या दारातून तो दिसला, की नळ्या लावलेला हात वर जायचा आणि डोक्यापाशी काही शोधायचा. पदर नव्हताच. शेवटी राजेश्रीनं आपली ओढणी तिच्या डोक्यावर टाकली, तेव्हा ती जरा निवांत झाली. एकदा तिनं जीवनला खुणेनं जवळ बोलावलं. तो आला, खाली मान घालून उभा राहिला. आज आपण सांगून टाकायचं, असं त्यानं बाहेर ठरवलं होतं.

तीच बोलली, भिंतीकडं बघत. “तुमाला लय तरास दिला, जावईबापू. आमच्या परमेश्वराला सांगितलंय, येत्या जेठात धोंडा हाय. मी असो नसो, तुमचे पाय धुवायचं चुकायचं न्हाई.”

मेलेल्या माणसाला नाही सांगता येत हे एक झालं, पण जिवंत माणसाला, तेही असं बोलल्यावर, कसं सांगायचं? तो “हं” म्हणाला आणि बाहेर येऊन कॉरिडॉरच्या टोकाला नळ सोडून रडला. पाण्याचा आवाज होता म्हणून बरं. चार दिवसांनी तिच्या घशात नळी घातली, आणि त्यानंतर ती बोलली नाही.

परमेश्वर उसाच्या फडातून तसाच निघून आला होता. पायांना पाचटाच्या चिरा, डोळे तारवटलेले. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी शिवप्रसाद सरांनी फोन करून त्याच्याशी मुद्दाम बोलणं केलं. सर मनानं चांगले. ते म्हणाले, की आम्ही जी काळजी घ्यायची ती सगळी घेतली होती, सूज येऊ नये म्हणून गोळीसुद्धा वेळेवर दिली होती, तरीही काही जणांना हे होतं, कुणाचा दोष नसतो. फोन स्पीकरवर होता. परमेश्वरानं तो ठेवला आणि जीवनचे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाला, “दाजी, मी पोटचा असून तिकडं ऊस तोडीत बसलो. तुमी व्हताव म्हनून तिला दवाखाना तरी दिसला.” चोराच्या मनात चांदणं म्हणतात. जीवनला वाटलं, हे हात आता आपल्या बोटांना लागलेला तो लगदा ओळखतील. पण हात कसले ओळखतात? हातांना उसाशिवाय काही ठाऊक नव्हतं.

तेरावं झालं. परमेश्वर पुन्हा फडावर गेला, कारण मुकादम आणि ऊस कुणाच्या मरणासाठी थांबत नाहीत. जीवन पुन्हा त्या खोलीत जाऊन उभा राहिला.

पहिल्याच दिवशी सरांनी मान न वळवता विचारलं आणि जीवननं आधी बादलीतलं रिकामं वेष्टण पाहून घेतलं. सरांनी वळून पाहिलं. तो म्हणाला, दिली सर. खरंच दिली होती. त्या दिवसापासून तो बाई पेशंट असली की दार अडवून उभा राहायचा. सिस्टर येऊन गोळी देईपर्यंत स्ट्रेचर हलू द्यायचा नाही. भूलवाले डॉक्टर चिडायचे. सत्यशीला सिस्टर एकदा म्हणाली, की भाऊ, सासूबाई गेल्यापासून फारच कडक झालात. म्हशी गेल्यावर गोठ्याला कुलूप लावणाऱ्याला माणसं कडक म्हणतात, ह्याचं त्याला नवल वाटलं.

घरी राजेश्री पूर्वीसारखीच होती, आणि पूर्वीसारखी नव्हतीही. जेवायला वाढायची, समोर बसायची आणि त्याच्याकडं बघत राहायची. कधी विचारायची, काही म्हनायलाव का? तो म्हणायचा, न्हाई. मग ती ताट उचलायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्यानं मनाशी घोकून ठेवलं होतं. पण सव्वा लाखाची मूठ दिवसरात्र आवळून धरावी लागते. झोपेतसुद्धा सोडता येत नाही. तो रोडावला. आणि मनात सारखा एकच हिशेब चाले, की दिलेल्यांनाही सूज येते, न दिलेल्या कितीतरी जणांना येत नाही, मग तिला कदाचित येणारच होती. हा हिशेब कुठूनही मांडला तरी उत्तर ‘कदाचित’ एवढंच यायचं, त्याच्या पुढं सरकायचंच नाही.

जेठ आला, अधिकाचा. वैशाखातलं ऊन तसंच तापत होतं. वर्ष सरलेलं नव्हतं, त्यामुळं घरात सणवार नव्हता. पण परमेश्वराचा फोन आला, की आईचा शब्द आहे, दाजी, तेवढा एक दिवस या. जीवननं ड्युटीचं कारण काढलं. राजेश्री म्हणाली, “जायाचंच.” तिच्या आवाजात काही तरी होतं, म्हणून त्यानं पुढं वाद घातला नाही.

चुडाव्याच्या घरात ज्ञानेश्वरी चुलीपाशी होती. पुरणाचा, वेलदोड्याचा वास ओसरीपर्यंत येत होता. परमेश्वरानं आईची पितळी परात चिंचेनं घासून ठेवली होती. ती इतकी चकचकीत होती, की जीवनला त्यात आपलं तोंड दिसलं आणि त्यानं नजर वळवली. पाटावर बसवून परमेश्वरानं त्याचे पाय परातीत घेतले. राजेश्रीनं खरं तर नवऱ्याशेजारच्या पाटावर बसायचं, पण ती तांब्या घेऊन उभी राहिली, पाणी मी घालते म्हणाली. पाणी पडलं. परमेश्वराची खरबरीत बोटं त्याच्या टाचेवरून फिरली.

“थांब,” जीवन म्हणाला. “थांब, परमेश्वर. आईला गोळी दिली नव्हती. मी सरांना खोटं सांगितलं.”

मग त्यानं सांगितलं. सिस्टर वर धावत गेली ते, चादरीतून आलेले जोडलेले हात, खिशात टाकलेली गोळी, आणि मान न वळवता विचारलेला प्रश्न. सांगताना तो परातीतल्या पाण्याकडं बघत होता, जसं कडूबाईनं बघितलं असतं. परमेश्वराचे हात जागच्या जागी थांबले होते. चुलीपाशी ज्ञानेश्वरीच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

“मला ठाव हाय,” राजेश्री म्हणाली.

दोघांनीही वर पाहिलं.

“नांदेडला आईनं सांगितलं. म्हनली, मीच हात जोडले, मीच नको म्हनले, माझ्या जावयाला कुनी बोल लावायचा न्हाई. मला शपथ घातली. म्हनून मी काई इचारलं न्हाई तुमाला. पन तुमी सांगताल म्हनून रोज वाट पाह्यली. आज सांगितलंव. झालं.”

परमेश्वरानं बाहीनं डोळे पुसले. तो थोडा हसलासुद्धा. म्हणाला, आई तशीच व्हती, बापाच्या तिरडीपुढंबी पदर सोडला नव्हता तिनं. तुमी तरी काय करताव, दाजी. तिचाच हट्ट. आणि त्यानं पुन्हा जीवनचा पाय हातात घेतला. राजेश्रीनं तांब्या वाकवला.

इथं मिटलं असतं. मी तर म्हणतो, मिटायलाच पाहिजे होतं. मेलेल्या बाईनं सगळं आपल्या अंगावर घेतलं होतं, लेकीनं ते पोटात ठेवलं होतं, ल्योकानं माफ केलं होतं, आणि चुलीवर धोंडे शिजत होते. उरलेली एक गोष्ट जीवनशिवाय ह्या जगात कुणाला ठाऊक नव्हती, ना सरांना, ना सिस्टरला. गप्प बसला असता तर उरलेलं आयुष्य ह्या घरात देव होऊन राहिला असता. पण पाय ओले होते, समोर तिची परात होती, आणि तिच्या हट्टामागं लपून ते पाणी घ्यायचं त्याच्यानं झालं नाही.

“नंतरबी देता येत व्हती,” तो म्हणाला.

राजेश्रीला कळलं नाही. “काय?”

“गोळी. काम झाल्यावर. सिस्टर आली व्हती, काही राहिलं का म्हनली. आई गुंगीत व्हती, तिला कळलंबी नसतं. गोळी माझ्या खिशात व्हती. मी सरांना दिली म्हनलो व्हतो. खोटं उघडं पडंल म्हनून न्हाई म्हनलो. त्यात आईचा हट्ट नव्हता. ते माझं व्हतं.”

बाहेर कुणाची तरी मोटारसायकल गेली. परमेश्वरानं विचारलं, “दिली असती तर वाचली असती?”

“सांगता येत न्हाई. दिल्यावरबी व्हतं कुनाकुनाला.”

“पन देता आली असती.”

“हां.”

परमेश्वरानं पाय सोडला. रागानं झटकला नाही, आपटला नाही. उसाची मोळी खाली ठेवावी तसा हळूच परातीत ठेवला आणि उठून अंगणात गेला. ज्ञानेश्वरीनं आतून दबकत विचारलं, की ताटं करू का?

राजेश्री अजून उभी होती. इतके दिवस तिनं आईची शपथ सांभाळली होती, नवऱ्याची वाट पाहिली होती, आणि मघाशी तो बोलला तेव्हा तिचा चेहरा क्षणभर, फक्त क्षणभर, लग्नातल्यासारखा झाला होता. जीवननं तो पाहिला होता. आता तो चेहरा तिथं नव्हता. तिनं तांब्या खाली ठेवला.

“पाय काढा,” ती म्हणाली.

त्यानं पाय काढले. जावयाच्या पायांचं पाणी तुळशीला घालतात. गेल्या धोंड्याला कडूबाईनं घातलं होतं. राजेश्रीनं परात उचलली, तुळशीवरून पुढं गेली आणि पाणी मोरीत ओतलं. मग परात पालथी घातली आणि आत निघून गेली. जीवन पाटावर बसून राहिला. पाय पुसायला कुणी टॉवेल पुढं केला नाही, आणि त्यानंही मागितला नाही.